संत्र्याच्या शीतखोलीतील इथिलीन लेझरच्या प्रकाशध्वनिक पद्धतीने मोजता येईल का?

बहार_वरूड

नमस्कार. आमची शेतकरी उत्पादक कंपनी वरूड तालुक्यात आहे. पॅकिंग हाऊसला लागून संत्र्यासाठी दोन शीतखोल्या आहेत आणि गेल्या हंगामापासून त्याच आवारात एका व्यापाऱ्याने केळी पिकवण्याचे रायपनिंग चेंबर सुरू केले आहे. तेव्हापासून मालात एक खोड सतत दिसते. कॅरेट उघडले की वरच्या थरातल्या बऱ्याच फळांचा देठ बोट लावताच सुटून येतो, देठाची हिरवी चकती तपकिरी पडलेली असते आणि नेमक्या अशाच फळांना देठाकडून सड लागते. आंबिया बहाराच्या मालात हे थोडे होते, मृग बहाराचा माल उन्हाळ्याच्या तोंडावर आला तेव्हा वाढले.

शंका इथिलीनवर, म्हणजे फळे पिकवणाऱ्या वायूवर, आहे. बाजारात स्वस्तात मिळणारा टिन ऑक्साइडचा गॅस सेन्सर बसवून पाहिला, परंतु खोलीबाहेर ट्रॅक्टर सुरू केला किंवा फरशी फिनाइलने पुसली तरी त्याचा आकडा चढतो, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. लेझरचा प्रकाश वायूवर सोडून त्यातून उमटणारा आवाज ऐकण्याची एक पद्धत आहे आणि तिने अब्जांत एक भाग इतके कमी प्रमाणही मोजता येते, असे वाचनात आले. ही पद्धत नेमकी कशी चालते, आमच्याकडच्या उकाड्यात आणि पावसाळी दमटपणात ती टिकते का, आणि असे यंत्र घ्यावे की हवेचे नमुने कुठे तरी पाठवावेत, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

लहरमापक

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी मूळचा मोर्शीकडचा असून वायूंच्या वर्णपटमापनाचे काम करतो.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1880 साली प्रकाशावरून आवाज पाठवणाऱ्या फोटोफोनवर काम करताना पाहिले की झपाट्याने चालू-बंद होणारा प्रकाशझोत एखाद्या पदार्थावर पडला तर त्या पदार्थातून त्याच वारंवारतेचा आवाज निघतो. पुढच्याच वर्षी टिंडल आणि राँटगेन यांनी वायूंतही हे घडते हे दाखवून दिले. त्यानंतर हा परिणाम बराच काळ एक गंमत म्हणून पडून राहिला. 1938 मध्ये व्हिएंगेरोव्ह यांनी त्याचा वायुविश्लेषणासाठी उपयोग केला, पण त्यांच्याजवळ साधा उष्णतेचा प्रकाशस्रोत होता. लेझर आल्यावर चित्र पालटले. 1971 मध्ये क्रॉयझर यांनी हीलियम-निऑन लेझरच्या 3.39 मायक्रोमीटर तरंगलांबीवर नायट्रोजनमध्ये मिसळलेला मिथेन पीपीबीच्या (अब्जांत एक भाग) पातळीवर मोजता येतो हे दाखवले.

आता क्रिया. प्रत्येक वायूचा रेणू अवरक्त प्रकाशातील ठरावीक तरंगलांब्याच शोषतो. शोषलेल्या ऊर्जेने रेणू कंप पावू लागतो आणि शेजारच्या रेणूंशी टकरा होताना ती ऊर्जा उष्णतेत उतरते. बंद नळीत उष्णता वाढली म्हणजे दाब वाढतो. लेझर सेकंदाला हजार-दीड हजार वेळा चालू-बंद केला की दाबही तितक्याच वेळा वर-खाली होतो, आणि दाबाची ही चढउतार म्हणजेच ध्वनी होय. तो मायक्रोफोन टिपतो आणि लॉक-इन अॅम्प्लिफायर नावाचे मंडल फक्त त्याच वारंवारतेचा, त्याच तालातला संकेत बाजूला काढून बाकीचा गोंगाट फेकून देते.

या पद्धतीचे बळ कशात आहे ते समजून घ्यावे. इतर बहुतेक प्रकाशीय पद्धतींत वायूतून पार गेलेला प्रकाश मोजतात आणि तो किती कमी झाला ते काढतात. भरलेल्या पोत्यातून चार दाणे कमी झाले का हे पोते तोलून शोधण्यासारखे ते आहे. प्रकाशध्वनिक पद्धतीत मात्र सांडलेले चार दाणेच उचलून मोजले जातात. शोषण नसेल तर आवाजही नाही. संकेत लेझरच्या शक्तीच्या प्रमाणात वाढतो, नळीचे आकारमान जितके लहान तितका तो मोठा मिळतो, आणि लेझर बदलला तरी मायक्रोफोन तोच चालतो, कारण त्याला प्रकाशाच्या तरंगलांबीशी काही देणेघेणे नसते.

इथिलीनच्या बाबतीत एक सुदैवी योग आहे. त्याचे सर्वांत तीव्र शोषण 10.5 मायक्रोमीटरच्या आसपास आहे आणि कार्बन डायऑक्साइड लेझरच्या अनेक रेषांपैकी (तो देऊ शकतो त्या ठरावीक तरंगलांब्यांपैकी) 10.53 मायक्रोमीटरची एक रेषा त्यावर जवळजवळ तंतोतंत बसते. शेजारच्या रेषांवर इथिलीनचे शोषण कित्येक पटींनी कमी आहे. म्हणून लेझर आळीपाळीने ही रेषा आणि शेजारची एक रेषा यांवर नेऊन संकेतांतला फरक घेतला की खिडक्यांच्या आणि भिंतींच्या तापण्यामुळे येणारा खोटा आवाज बराचसा वजा होतो. नेदरलँड्समधील नायमेखेनच्या विद्यापीठातील गटाने याच मार्गाने वनस्पती आणि फळांच्या इथिलीनचे मापन पीपीबीच्याही खाली नेले. कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये प्रथम तयार करणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांनीच 1970 च्या दशकात दुसऱ्या प्रकारच्या लेझरसह प्रकाशध्वनिक उपकरण फुग्यातून सुमारे 28 किलोमीटर उंचीवर पाठवले आणि तेथील नायट्रिक ऑक्साइड सूर्योदयानंतर कसा वाढतो ते मोजले.

पूर्णाकाठ

लहरमापक सरांनी भौतिकशास्त्र मांडले, मी फळाची बाजू मांडतो. मी कृषी पदवीधर असून आमच्या अंजनगाव-अकोट पट्ट्यात केळी आणि संत्री दोन्ही आहेत.

केळी तोडल्यानंतर स्वतः भरपूर इथिलीन तयार करते आणि त्यानेच पिकते. संत्रा तसा नाही. तो झाडावर जितका पिकला तितकाच. तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही, आणि त्याची स्वतःची इथिलीननिर्मिती एका किलोमागे ताशी 0.1 मायक्रोलिटरपेक्षाही कमी असते. मात्र बाहेरून इथिलीन मिळाले की साल आणि देठ त्याला लगेच दाद देतात. हिरवट साल पिवळी करण्यासाठी हाच गुण वापरतात, त्यासाठी काही पीपीएम (दशलक्षात एक भाग, म्हणजे हजार पीपीबी) पुरतात. पण तेच इथिलीन देठाचा सांधा सैल करते, चकती मरते आणि तेथून देठाच्या सडीच्या बुरशीला वाट मिळते. बहार_वरूड यांनी लिहिलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

केळीच्या चेंबरमध्ये नियमाप्रमाणे 100 पीपीएमपर्यंत इथिलीन सोडता येते. त्यातला हजारात एक भाग जरी भिंतीच्या फटीतून, सामाईक व्हरांड्यातून किंवा चेंबर मोकळे करताना तुमच्या खोलीत शिरला तरी तेथे 100 पीपीबी झाले, आणि दीर्घकाळ साठवणीत एवढ्याचाही परिणाम होतो. चेंबरचा पंखा हवा कोणत्या दिशेला फेकतो ते आधी पाहावे.

आणखी दोन उगम विसरू नयेत. एक म्हणजे हिरवी बुरशी. पेनिसिलियम डिजिटॅटम ही संत्र्यावरची नेहमीची बुरशी स्वतः इथिलीन तयार करते, आणि तेही निरोगी फळापेक्षा कितीतरी अधिक. म्हणजे कॅरेटच्या तळाशी राहिलेले एक सडके फळ आसपासच्या फळांना वायू पुरवत असते. दुसरा म्हणजे इंजिनाचा धूर. ट्रॅक्टर सुरू झाला की तुमचा स्वस्त सेन्सर फसतो हे खरे, परंतु धुरात इथिलीनही असते, तेव्हा तो आकडा सर्वस्वी खोटा होता असेही म्हणता येणार नाही. माल उतरवताना दारात ट्रॅक्टर चालू ठेवण्याची आपल्याकडची सवय या दृष्टीने वाईटच आहे.

लहरमापक

पूर्णाकाठ यांच्या आकड्यावरून एक हिशेब करता येतो. एक किलो निरोगी संत्री बरणीत ठेवून तीतून ताशी 2 लिटर शुद्ध हवा सोडली आणि फळांनी ताशी 0.05 मायक्रोलिटर इथिलीन दिले, तर बाहेर येणाऱ्या हवेत 25 पीपीबी असेल. टिन ऑक्साइडच्या सेन्सरला हे दिसणे शक्य नाही, विद्युतरासायनिक सेन्सरलाही ते अवघडच आहे. प्रकाशध्वनिक यंत्राला मात्र ते सहज दिसते आणि काही मिनिटांत पुन्हा पुन्हा दिसते.

परंतु या पद्धतीची खरी परीक्षा लेझरमध्ये नसून नमुन्याच्या हवेत असते, आणि यंत्राच्या जाहिरातीत ही गोष्ट तळाशी बारीक अक्षरांत असते. फळांच्या खोलीतील हवेत श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. तो आपल्याच नावाच्या लेझरचा प्रकाश शोषतो हे उघड आहे. त्याचे शोषण फार दुबळे असते, पण बाहेरच्या हवेतला सुमारे 420 पीपीएम कार्बन डायऑक्साइडसुद्धा काही दशक पीपीबी इथिलीनइतका प्रकाश घेतो. त्याहून विचित्र बाब अशी की हा रेणू शोषलेली ऊर्जा शेजारच्या नायट्रोजनला देतो आणि नायट्रोजन ती बराच वेळ धरून ठेवतो. त्यामुळे हवा आधी तापण्याऐवजी क्षणभर थंड होते आणि आवाज उलट्या तालात येतो. इथिलीनचा आवाज आणि हा उलटा आवाज एकमेकांना खातात, आणि नवख्या माणसाला आकडा कमी दिसून तो निर्धास्त होतो. त्यात पाण्याची वाफ आली की नायट्रोजनची पकड सैल होते आणि तालही बदलतो. म्हणजे सकाळची कोरडी हवा आणि पावसाळ्यातली ओली हवा यांत इथिलीन सारखेच असले तरी वाचन वेगळे येऊ शकते. शिवाय पाण्याची वाफ स्वतःही थोडा प्रकाश शोषते.

यावरचा उपाय साधा आणि जुना आहे. हवा यंत्रात जाण्यापूर्वी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या खड्यांच्या नळीतून न्यावी म्हणजे कार्बन डायऑक्साइड अडतो, आणि कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून न्यावी म्हणजे ओल अडते. आपल्या दमट दिवसांत पहिल्या नळीतले पांढरे खडे तोंडाकडून चिकट होऊन एकमेकांना धरतात आणि हवेचा मार्ग बुजतो. प्रवाह मंदावला की आधी तेथेच पाहावे. हे खडे हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

काटोलचा_रेडिओवाला

मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करतो, प्रयोगशाळेतला माणूस नाही, तरी आवाजाच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

या यंत्रातली नळी म्हणजे एक बासरीच आहे हो. दोन्ही बाजूंनी मोकळी 10 सेंटिमीटरची नळी धरली तर तिचा अनुनाद, म्हणजे ती सर्वांत जोरात वाजते ती वारंवारता, 25 अंश तापमानाला सुमारे 1,730 हर्ट्झला येतो. हवेतील ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदास सुमारे 0.6 मीटर वाढतो. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी 45 अंश सहज होतात. त्या तापमानाला तीच नळी सुमारे 1,790 हर्ट्झला वाजेल. नळीचा गुणांक (अनुनाद किती टोकदार आहे त्याचे माप) 40 धरला तर अनुनादाची रुंदी 43 हर्ट्झच्या आसपास येते. म्हणजे पहाटे जुळवलेले यंत्र दुपारी अनुनादाच्या शिखरावरून पार खाली उतरलेले असेल, आणि इथिलीन तितकेच असून आकडा निम्म्याच्याही खाली जाईल. त्यामुळे नळीचे तापमान स्थिर ठेवणे, किंवा नळीतच लहानसा स्पीकर बसवून दर वेळी अनुनाद शोधून घेणे, यांपैकी एक तरी सोय यंत्रात आहे का हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

दुसरी गोष्ट कंप्रेसरची आणि जनरेटरची. भारनियमनात डिझेल जनरेटर चालू झाला की जमीनसुद्धा थरथरते. हा गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारतांत असतो, म्हणून हजार हर्ट्झच्या वर काम करणे बरे, आणि 50 हर्ट्झच्या पटीतल्या जागा टाळणेही बरे.

घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा मायक्रोफोनऐवजी वापरतात असे वाचले आहे. त्याविषयी सरांनी सांगावे. भिंतीवरच्या घड्याळाची ती बारीक रुपेरी डबी मी अनेकदा फोडून पाहिली आहे; आत दोन पायांचा, पारदर्शक, जेमतेम चार मिलीमीटर लांबीच्या पायांचा चिमटा निघतो आणि त्याच्या अंगावर चांदीच्या रेघा दिसतात. तो घरी वापरता येईल काय?

लहरमापक

रेडिओवाले भाऊंचा तापमानाचा हिशेब बरोबर आहे, आणि शिखरावरून घसरल्यावर आवाजाचा तालही सरकतो, त्यामुळे नुकसान दुहेरी होते.

चिमट्याची पद्धत 2002 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात पुढे आली. चिमटा 32,768 हर्ट्झला कंप पावतो आणि लेझरचा किरण त्याच्या दोन पायांमधील सुमारे 0.3 मिलीमीटरच्या फटीतून, पायांना स्पर्श न करता, न्यावा लागतो. फटीत उमटलेला ध्वनी दोन्ही पायांना एकमेकांपासून दूर ढकलतो. बाहेरून येणारा आवाज मात्र दोन्ही पायांना एकाच दिशेने ढकलतो, आणि तो संकेत आपोआप रद्द होतो. तुमच्या जनरेटरवर हा चांगला उतारा आहे. साध्या हवेत त्याचा गुणांक दहा हजारांच्या घरात असतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की जे रेणू ऊर्जा सावकाश सोडतात त्यांना सेकंदाला तेहतीस हजार वेळा ताल धरणे जमत नाही, आणि संकेत पडतो.

घरी चिमटा मिळेल, 10.5 मायक्रोमीटरचा क्वांटम कॅस्केड लेझर (अवरक्त प्रकाश देणारा अर्धवाहकाचा लेझर) मिळणार नाही, आणि मिळालाच तर त्याची किंमत संपूर्ण दुकानापेक्षा अधिक असेल. कार्बन डायऑक्साइड लेझर खोदकामाच्या यंत्रांत स्वस्त मिळतो, परंतु त्याची रेषा हवी तशी निवडता येत नाही. शिवाय त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि काही वॅटचा किरण कातडी व डोळा दोन्ही जाळतो. कृपया हा प्रयोग कोणीही करू नये.

शाळा-महाविद्यालयात मूळ परिणाम दाखवायचा असेल तर परीक्षानळीत काजळी धरलेली काचेची पट्टी ठेवावी, तोंडाला बुचात बसवलेला छोटा इलेक्ट्रेट मायक्रोफोन लावावा आणि बाहेरून एलईडीचा झोत काही शे हर्ट्झने चालू-बंद करावा. काजळीतून सूर स्पष्ट ऐकू येतो, आणि पट्टी काढून घेतली की तो जवळजवळ नाहीसा होतो.

वणीकर

विषय संत्र्याचा आहे म्हणून थोडक्यात विचारतो. आमच्या भागात कोळसा खाणी आहेत. मिथेनसाठी ही पद्धत उपयोगी नाही काय?

लहरमापक

मिथेन हवेत 5 ते 15 टक्के झाला की स्फोटक होतो आणि खाणीतला पहारा टक्क्यांच्या अंशांवर असतो. त्यासाठी पीपीबी मोजणारे यंत्र लागत नाही. साधे, दणकट आणि प्रमाणित उपकरणच तेथे योग्य. कोळसा आतल्या आत तापू लागल्याची पहिली खूण कार्बन मोनॉक्साइडच्या किंचित वाढीत दिसते. तिचा माग ठेवण्यासाठी 4.6 मायक्रोमीटरच्या आसपासचा लेझर आणि हीच पद्धत उपयोगी पडू शकते, पण खाणीत नेण्याचे प्रत्येक उपकरण स्फोटसुरक्षित असावे लागते आणि तो वेगळाच विषय आहे.

बहार_वरूड

सर्वांचे आभार. यातून मला असे समजले की आमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत: खोलीत इथिलीन बाहेरून येते का, आणि आतल्या मालातूनच येते का. पहिल्यासाठी लेझर लागेल का? आणि दुसऱ्यासाठी नमुने पाठवायचे झाल्यास ते कसे न्यावेत? उन्हातून नागपूरपर्यंत पिशवी नेली तर आतला वायू तसाच राहील का?

पूर्णाकाठ

पहिल्या प्रश्नासाठी माझ्या मते लेझर लागत नाही. गळती शंभर पीपीबी किंवा त्याहून अधिक असेल तर इथिलीनसाठीचा चांगला विद्युतरासायनिक सेन्सर ती दाखवू शकेल. चेंबरमध्ये वायू सोडलेला असताना आणि चेंबर रिकामे व मोकळे असताना, दोन्ही वेळा खोलीच्या एकाच कोपऱ्यात वाचन घ्यावे. फरक दिसला तर व्यापाऱ्याशी बोलण्यासाठी तुमच्या हातात काहीतरी असेल. तोवर पोटॅशियम परमँगनेटच्या दाण्यांच्या पुड्या खोलीतल्या पंख्याच्या वाटेवर टांगाव्यात. जांभळे दाणे तपकिरी झाले की ते संपले असे समजून बदलावेत. आणि कॅरेट भरताना तळाचे फळही पाहावे.

लहरमापक

पूर्णाकाठ यांच्याशी सहमत आहे. आतल्या मालाचा प्रश्न मात्र सेन्सरने सुटणार नाही, तेथे बरणीतला हिशेबच हवा. त्यासाठी खोलीतली हवा पाठवण्यापेक्षा फळे पाठवावीत असे मी म्हणेन: निरोगी देठाची, सैल देठाची आणि बुरशी लागलेली, अशी वेगवेगळ्या बरण्यांत. प्रयोगशाळेत शुद्ध हवेच्या प्रवाहात तिन्ही मोजली की कोण किती इथिलीन देते ते एका दिवसात कळेल. मोजणाऱ्यांजवळ लेझर नसून गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारे यंत्र) असला तरी चालेल, फक्त बरण्या काही तास बंद ठेवून इथिलीन साठू द्यावे लागेल. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे आधी विचारणा करावी.

हवाच पाठवायची झाल्यास वायूसाठीची खास फ्लोरोपॉलिमरची पिशवी घ्यावी, साधी पॉलिथिनची नको, कारण तीतून वायू आतबाहेर झिरपतात. पिशवी सावलीत ठेवावी आणि त्याच दिवशी मोजावी. तशीच दुसरी पिशवी शुद्ध हवेने भरून सोबत न्यावी, म्हणजे पिशवीतूनच काही सुटत असेल तर ते कळेल. जोडणीसाठी सिलिकॉनची मऊ नळी सोयीची वाटते, तीही टाळावी, टेफ्लॉनची वापरावी. खोलीतून हवा भरताना दार बंद करून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि त्या वेळी आवारात एकही इंजिन चालू नसावे.

बहार_वरूड

येत्या तोडणीत तिन्ही प्रकारची फळे वेगळी काढून ठेवतो. चेंबरचा पंखा आजच जाऊन पाहिला. त्याचे तोंड आमच्या दोन नंबरच्या खोलीच्या दाराकडेच आहे, आणि सैल देठाचा माल त्याच खोलीत अधिक निघतो. पंखा मागच्या भिंतीकडे वळवण्यासाठी व्यापाऱ्याशी बोलणे सुरू केले आहे. सेन्सरची दोन्ही वेळची वाचने हाती आली की याच धाग्यावर टाकतो.